आतला चौकोन फिका

आमच्या चाळीसगावच्या घरी मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आईची देवाकडे एकच मागणी असायची, की मुलगी नेमकं काय काम करते हे कोणी खोलात जाऊन विचारू नये. "जळगावला मायक्रोबायोलॉजी केलंय. आता धुळ्याला संशोधनात आहे," एवढं सांगून ती पोह्यांची बशी पुढे सरकवायची. बहुतेक पाहुणे तिथंच थांबत. एकदा एका चौकस आत्याबाईंनी विचारलंच, "कशाचं गं संशोधन?" आणि मी खरं बोलून गेले. "तान्ह्या बाळांची शी गोळा करते." पोहे तसेच राहिले. स्थळ तर गेलंच.

खरं तोंडावर बोलून टाकायचं हे खूळ माझ्या डोक्यात सिंधूअक्कानं घातलं. आई अजून तिच्या नावानं बोटं मोडते.

अक्का पस्तीस वर्षं नर्सबाई होती. साक्री तालुक्यातल्या उपकेंद्रांत तिचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर चार दिवस घरात बसली, पाचव्या दिवशी आमच्या मॅडमकडे येऊन उभी राहिली. मॅडम म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या डॉक्टर. त्यांना शोधायचं होतं ते असं, की एकच लस दोन बाळांना दिली तर एकाला ती चांगली लागते आणि दुसऱ्याला बेताचीच, हे का? आणि त्यात बाळाच्या आतड्यात पहिल्या दिवसांत वस्ती करणाऱ्या जंतूंचा हात किती? त्यासाठी पिंपळनेरच्या आसपासच्या गावांत जन्मलेल्या बाळांची शी पहिल्या दिवसापासून ठरावीक वेळी गोळा करायची आणि बर्फाच्या पेटीतून धुळ्याला आणायची. रोटाची लस, म्हणजे हगवणीवरचे तोंडानं द्यायचे थेंब, ते झाले की रक्त तपासायचं. गावात शिरायला ओळखीचा माणूस हवा होता. अक्काला त्या भागातली कुत्रीसुद्धा ओळखत.

मी पहिल्या दिवशी तिला "अक्का, तुम्ही" म्हटलं, तर तिनं मागं वळून पाहिलं. "आखो कोन उनं?" म्हणाली. तिच्या अहिराणीत एका माणसाला 'तुम्ही' म्हणायची सोय नव्हती. दुपारपर्यंत मी 'तू'वर आले. तिनं मात्र माझं नाव कधी घेतलं नाही. मी तिच्यासाठी शेवटपर्यंत 'शायनी', म्हणजे शहाणीच राहिले, कारण पहिल्याच घरात मी लंगोटासमोर उभं राहून इंग्रजी फॉर्म वाचत होते, एका हातानं नाक दाबून.

"काय व शायनी, नाक कसाले दाबस? हाई काय घान शे?" तिनं लंगोट उचलला, नाकाजवळ नेला आणि आपण लोणच्याची बरणी उघडून बघतो तसं शांतपणे हुंगलं. "दख. मोहरीना रंग, आंबूस वास. मायनं दूध पेस. पोट बरं शे." मग माझ्याकडे बघून तिचं ते वाक्य म्हणाली, जे पुढं मी हजार वेळा ऐकलं. "तोंड खोटं बोलस, लंगोट नही."

ठेंगणी, काळीसावळी, कपाळाला भलंमोठं कुंकू, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. चालायला लागली की मला धापा लागत. घराघरातून निघताना कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची आणि मोठ्यानं आकडे मोजायची, वीसपर्यंत, एकही न गाळता. मग कुठल्याही झाडाखाली बसून डबा उघडायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, एखाद्या दिवशी वांग्याचं भरीत. पहिला महिना मला तिच्यासमोर घास गिळेना. ती म्हणायची, "खाय व माय. जे खासूत तेच दखाले उनूत ना आपन?" यावर काय बोलणार, कपाळ!

तिच्या नाकाबद्दल मला वाटायचं, बाई जरा वाढवून सांगते. एकदा एका घरी आम्ही दहा दिवसांच्या बाळाचा नमुना घ्यायला गेलो. आजीनं मोठ्या कौतुकानं डबी आणून दिली. अगदी भरलेली. मी खूश होऊन नंबराची चिठ्ठी चिकटवायला लागले. अक्कानं झाकण उघडलं, हुंगलं, बंद केलं.

"आजी, हाई ह्या पोरनी नही शे."

"काय बोलस व! आमनीच शे."

"हाई म्हशीनं दूध पेनारा पोऱ्यानी शे. आनि तो चार-पाच महिनाना शे."

आजीनं पदर तोंडाला लावला. मग हळूच सगळं बाहेर पडलं. आमना पोरनी पातळ व्हती, माय. सरकारले तशी देवानी लाज वाटनी. शेजारनी घट व्हती, चांगली दिसे, म्हनीसन ती लई उनू.

सरकारला पातळ द्यायची लाज वाटली, म्हणून शेजारची आणलेली! मी रागानं लालबुंद झाले. पेट्रोल फुकट, बर्फ फुकट, शिवाय असा एक नमुना मिसळला तर सगळ्याच कामाचं वाटोळं. मी फटकन काही बोलणार, तोवर अक्का आजीजवळ जाऊन बसली होती. दोघी पोट धरून हसत होत्या. "आपल्या घरनी पातळ व्हई, पन आपली शे ना?" अक्का म्हणत होती. त्या आजीनं पुढं कधी एक नमुना चुकवला नाही, उलट साऱ्या गल्लीला दम देऊन ठेवला. बाहेर आल्यावर अक्का मला म्हणाली, "लाजनारा मानूसवर रागवू नको. लाज वाटस, मंगच ते खोटं बोलस."

तिची एक सवय मात्र मला मनापासून वैताग आणायची. आमच्या बाळांना लस टोचायच्या दिवशी आम्ही अंगणवाडीत हजर असायचो. लस द्यायची ती तिथली नवी नर्स. अक्काचा काडीचा संबंध नाही. पण रोटाची बाटली पेटीतून निघाली की ही पुढं व्हायची. लसीच्या बाटलीवर एक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. लस उन्हात तापली की आतला चौकोन काळवंडत जातो. गोलाहून फिका असेल तर लस चांगली, गोलाइतका गडद झाला तर फेकायची. अक्का बाटली उजेडात धरायची, डोळे बारीक करायची आणि मोठ्यानं म्हणायची, "आतला चौकोन फिका!" मग नर्सला बघायला लावायची. मग मला. मग बाळाच्या आईला. "तुले दिसना का? सांग, काय दिसना?" बाईला अक्षरओळख नसली तरी काय दिसलं ते सांगितल्याशिवाय सुटका नाही. बाहेर पंधरा बाळं रडतायत, नर्स माझ्याकडे बघून डोळे फिरवतेय, आणि हिचं आपलं चालूच.

"अक्का, एकदा पाहिलं ना? किती वेळा?" मी एकदा चिडून म्हटलं.

"चार डोया चांगला," एवढंच म्हणाली. त्या दिवशी ती चेष्टा करायच्या मूडमध्ये नव्हती, एवढं माझ्या लक्षात आलं. त्यापुढं मी विचार केला नाही.

मॅडमनी एकदा आम्हा सगळ्यांना धुळ्याला बोलावून नीट समजावून सांगितलं. बाळ जन्मतं तेव्हा त्याचं आतडं जवळजवळ रिकामं असतं. जन्मताना, आईच्या अंगावरून, तिच्या दुधातून जंतू आत येतात आणि वस्ती करतात. आईच्या दुधावर पोसले जाणारे काही चांगले जंतू आधी येऊन स्थिरावले तर ते बाळाच्या शरीराला वळण लावतात. आपलं कोण, परकं कोण, कुणाशी भांडायचं, कुणाला सोडायचं. मग थेंब दिले की शरीर ते ओळखतं, लक्षात ठेवतं. पण सुरुवातीलाच पहिलं पिवळसर दूध, चीक, बाळाला मिळाला नाही, वरचं पाणी-गूळ गेलं, किंवा जन्मल्याबरोबर जोरदार अँटिबायोटिक द्यावी लागली, तर वस्ती वेगळी बसते. मग लस कमी लागू शकते. "शकते," मॅडमनी बोट वर करून सांगितलं. "नक्की किती, ते शोधतोय म्हणून तर तुम्ही डब्या गोळा करताय."

पाऊण तास हे चाललं. शेवटी मॅडमनी विचारलं, गावातल्या बायांना हे कसं सांगाल? आम्ही शिकलेल्या सगळ्या एकमेकींची तोंडं बघत बसलो. अक्का म्हणाली, "त्यात काय, मॅडम? विरजण. पहिलं विरजण चांगलं पडलं की दही लागतं. चीक म्हणजे बाळाच्या पोटातलं विरजण."

मॅडमनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

सगळ्या उठायला लागल्या तेव्हा अक्कानं हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. "मॅडम, एक बाळ होतं. पोरगी. तिचा चीक टाकून दिला होता, तीन दिवस गुळाचं पाणी. वर तिला दवाखान्यात ठेवून अँटिबायोटिकच्या सुया दिल्या होत्या. तिला थेंब तिन्ही वेळा दिले. तरी नवव्या महिन्यात हगवणीनं गेली. तिला लसच लागली नसंल का?"

"शक्य आहे, अक्का. पण एका बाळाचं कारण कुणीच सांगू शकत नाही. हगवण रोटानंच झाली होती की आणखी कशानं, ते तरी कुणी तपासलं होतं का?"

"नाही."

"मग नाही सांगता येणार."

अक्कानं मान हलवली. परतीच्या एस.टी.त साक्री येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. अक्का आणि गप्प! मला काळजीच वाटली. साक्री सोडल्यावर खिडकीतून बाहेर बघत तिनं सांगायला सुरुवात केली.

ती पोरगी रंजनाची. पिंपळनेरच्या पुढच्या गावातली शेतकऱ्याघरची सून, पहिलंच बाळंतपण. अक्काच्या नोकरीची ती शेवटची वर्षं. थेंबांच्या तिसऱ्या वेळेला अक्काची मोटारसायकलवाल्याची सोय बिघडली, टायर फुटलं. तासभर उन्हात लसीची पेटी घेऊन ती रस्त्याच्या कडेला उभी. गावात पोचली तर बाया ताटकळून चिडलेल्या. भराभर आटोपलं. काही महिन्यांनी पोर गेली तेव्हा रंजनाच्या सासूनं साऱ्या गावासमोर अक्काला विचारलं, तू काय पाणी पाजलंस का आमच्या पोरीला?

"मी घरी जाऊन रजिस्टर काढलं, शायनी. 'चौकोन पाहिला' या रकान्यात माझी खूण आहे. बरोबर आहे. पण ती खूण मी रोजच करायचे गं. हात आपोआप करायचा. त्या दिवशी खरंच पाहिला होता का? किती आठवते, किती आठवते, आठवतच नाही." ती इतक्या शुद्ध मराठीत बोलत होती की मला अंगावर काटा आला. अक्का शुद्ध बोलायची ती फक्त साहेबांसमोर.

म्हणजे हे होतं तर. चार डोळे. प्रत्येक बाटली, प्रत्येक आई. आणि निवृत्तीनंतर पाचव्या दिवशी मॅडमच्या दारात उभं राहणं. ती डब्या गोळा करायला आलीच नव्हती, ती या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला आली होती.

मला आनंद झाला, खरंच सांगते. "अक्का, मग सुटलीस ना तू! आज मॅडम काय म्हणाल्या? चीक नाही, वर अँटिबायोटिक. तुझी लस चांगली असेल, तिच्या पोटात लागली नसेल. जा, सांग रंजनाला! गावाला सांग!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीचा गज घट्ट धरला.

"चीक कोनी टाका व्हता, शायनी?"

उत्तरही तिनंच दिलं.

"सासूना धाकखाले तिनीच टाका. सोताना हातघाई." तिनं आपले दोन्ही हात पुढं करून दाखवले. "दूध पिळी पिळी भितवर टाके आनि रडे, माले तिनीच सांगेल शे. आते मी जासू आनि सांगसू, माय, मी सुटनू, तुनाच हातघाई व्हयनं?" तिनं पदरानं नाक पुसलं. "मना डोकावरनं गाठोडं काढीसन तिना डोकावर ठेवू? आनि ते बी खरं शे का नही, मॅडमले बी ठाव नही!"

मग साक्री-पिंपळनेर रस्त्यावरचे खड्डे मोजत आम्ही उरलेली वाट काढली.

वर्षभरानं रंजना पुन्हा बाळंत झाली, ग्रामीण रुग्णालयात. तिचं नाव आमच्या यादीत होतं, मी डबी घेऊन गेले. अक्का पहाटेपासूनच तिथं होती. रंजनाला पुन्हा मुलगी झाली होती. खाटेच्या एका बाजूला सासू, हातात गुळाच्या पाण्याची वाटी आणि कापसाचा बोळा. दुसऱ्या बाजूला अक्का. मला वाटलं आता जुंपणार. पण अक्कानं अगदी गोडीनं विरजणाची गोष्ट सुरू केली. पहिलं विरजण चांगलं पडलं की कसं दही लागतं, पोट कसं घट्ट होतं, थेंब कसे लागतात. शेजारच्या खाटांवरच्या बायाही ऐकायला लागल्या. सासूच्या हातातली वाटी हळूहळू खाली आली. अक्कानं बाळाला उचललं, रंजनाच्या छातीशी लावलं, आणि बाळ चोखायला लागलं. अक्काचा चेहरा असा खुलला होता, की मीही हसले.

आणि रंजना एकदम म्हणाली, "अक्का."

"काय व?"

"पयलीना चीक मी टाकी दिधा व्हता." तिचा आवाज बारीक होत गेला. "म्हनीसन तिले लस नही लागनी का? मना हातघाईच गयी का मनी पोर?"

 तिचं अंग कापायला लागलं, बाळाच्या तोंडातून दूध सुटलं.  आम्ही ज्या गोष्टीपासून तिला वाचवत होतो ती तिनं आमच्याच गोष्टीतून उचलली होती, आणि उचलणारच होती. दोन शब्द जोडायला काय मायक्रोबायोलॉजी लागते?

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की कुणालाच माहीत नाही, मॅडमनाही माहीत नाही. अक्कानं हातानं मला गप्प केलं.

"नही व माय," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. "ती मनी चूक व्हती. टायर फुटनं, पेटीमा बरफ वितळी गयेल व्हता, आनि मी चौकोन देखेलच नव्हता. लस चांगली ऱ्हास. लई येनारी बाई चुकनी. तुना हातघाई काहीच व्हयनं नही. आयकं ना? काहीच नही. आते पाज पोरले."

"मी तवयच सांगेल व्हतं!" सासू ताडकन उभी राहिली. त्यानंतर ती जे बोलली ते मी लिहीत नाही. शेजारच्या बायाही कुजबुजायला लागल्या. पस्तीस वर्षं ज्या बाईच्या हातून यांची, यांच्या मुलांची, नातवंडांची सगळं लसीकरण झालं, तिच्याकडे त्या आता कशा बघत होत्या ते मी पाहिलं. अक्का खाली मान घालून बाळाचं डोकं सारखं करत राहिली. रंजना रडत होती, पण तिचं कापणं थांबलं होतं. थोड्या वेळानं बाळ पुन्हा चोखायला लागलं.

बाहेर नळावर अक्का कोपरापर्यंत हात धूत होती. मोजत नव्हती. मी तिच्यावर ओरडलेच. "खोटं कशाला बोललीस? तुला आठवत नाही, एवढंच खरं होतं ना? आयुष्यभर मला शिकवतेस, तोंड खोटं बोलतं म्हणून!"

"मंग बोलस ना तोंड," ती म्हणाली. "मी कवय नही म्हंतं?" आणि माझ्या हातातली रिकामी डबी घेऊन पुन्हा आत गेली. त्या बाळाचा पहिला नमुना तिनंच काढला.

त्यानंतर दीड महिन्यानं रंजनाच्या गावात लसीकरण होतं. अक्का दुसऱ्याच दिवशी नरडाण्याला लेकीकडे कायमची राहायला जाणार होती, पिशव्या भरून तयार होत्या. तिथून अजून फोन करते. मॅडम कशा आहेत, पगार किती झाला, लग्नाचं काय, यातलं काही विचारत नाही. "रंजनानी पोर बरी हगस ना?" एवढंच विचारते. आमचे नमुने नंबरांनी जातात, त्या पोरीचा नंबर कुठला आणि तिला लस किती लागली हे मला सांगायची परवानगी नाही. पण हगायचं सांगायला हरकत नाही. बरी हगते. सांगते मी.

त्या दिवशी अंगणवाडीत रंजना पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर गुबगुबीत झाली होती. नर्सनं पेटीतून रोटाची बाटली काढली. अक्काचा हात सवयीनं पुढं गेला.

"ऱ्हाऊ दे, अक्का," रंजना म्हणाली. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "मी देखस."

अक्काचा हात तसाच राहिला क्षणभर. मग तिनं तो मागं घेतला आणि पदराला पुसला, ओला नसताना.

रंजनानं बाटली उजेडात धरली. डोळे बारीक केले. थेट अक्कासारखे. बराच वेळ बघत राहिली. मला सगळं ओरडून सांगून टाकावंसं वाटत होतं, आणि अक्का दाराजवळून माझ्याकडेच बघत होती, म्हणून मी काही बोलले नाही.

"काय दिसना?" अक्कानं दारातूनच विचारलं.

"आतला चौकोन फिका शे."

"नीट देख माय. आखो एकदाव देख."

रंजनानं पुन्हा पाहिलं. "फिकाच शे."

"मंग पाज," अक्का म्हणाली, आणि पायरीवर बसून चपला घालायला लागली.